खाकरेआबांची हाक

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने, शक्य असल्यास उभे करून, कळविण्यात येते की हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात, कुरुंद्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या गावी एक गृहस्थ होऊन गेले, ज्यांनी उभ्या संसारात आपल्या पत्नीला एकदाही हाक मारली नाही. या घटनेची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात झालेली नाही, म्हणून ती इथे करून ठेवतो. आता बसायला हरकत नाही.

हाक मारण्याऐवजी ते खाकरत. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत, त्यामुळे ही कला मी लहानपणापासून फुकट ऐकत आलो. ओट्याशी आले की एकदा बारीक खाकरणार. आतून पाण्याचा तांब्या बाहेर यायचा. जाड, ओढून खाकरले की चहा. दोनदा तुटक खाकरले म्हणजे पावणे आलेत, पदर सावरून ये. वावरात हळद काढायला पन्नास माणसं लागलेली असोत, बांधावरून आबा खाकरले की बायांच्या रांगेतून बरोबर एकच डोकं वर व्हायचं. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आम्ही पोरांनी त्यांचं नाव खाकरेआबा ठेवलं आणि ते इतकं रुळलं की त्यांचं खरं आडनाव आठवायला आजही मला डोकं खाजवावं लागतं.

याच माणसाला शेळ्यांना हाका मारताना ऐकलं असतंत तर तुम्ही थक्क झाला असता. माळाच्या चढावर उभे राहून एकेकीचं नाव असं लांबवायचे की पार ओढ्यापलीकडे जाई. "चांदणेऽऽ! आगं ए कबरेऽऽ! राणे, कुठं मरून राहिली गं माझी बाय!" मी एकदा विचारलं, "आबा, शेळ्यांना एवढी लाडाची नावं, अन् काकूंना नुसता खोकला?" आबा गंभीरपणे म्हणाले, "बापू, शेळी हरपती. बायको कुठं हरपून राहिली?"

काकू म्हणजे त्यांची पत्नी. सारं गाव तिला दत्ताची माय म्हणे. दत्ता पुण्याला कंपनीत गेला, तिकडेच घर केलं, तरी मायचं नाव इथेच राहिलं. कागदोपत्री ती सुशीलाबाई होती. लग्नाच्या मांडवात ताटातल्या तांदळावर हे नवं नाव लिहिलं गेलं आणि नंतर कुणी तोंडातून काढलंच नाही. कुरुंद्याला डोळ्यांचं शिबिर होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या बायकोबरोबर काकू बाकावर बसलेली. आतून पुकारा झाला, "सुशीलाबाईऽ!" पुन्हा झाला. काकूने इकडेतिकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाली, "बिचारी सुशीला गेली वाटतं घरी. लई उशीर लावून राहिले ना हे." माझी बायको अजून ही गोष्ट सांगताना हसता हसता डोळे पुसते.

काकू गेली ती हळद शिजवण्याच्या दिवसांत. ताप आला, उतरेना, म्हणून नांदेडच्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर होतो. सिस्टर तिच्या कानाशी वाकून म्हणत होत्या, "सुशीलाबाई, डोळे उघडा. सुशीलाबाई!" काहीच हालचाल नाही. आबा पायथ्याशी उभे होते. ते खाकरले. काकूने डोळे उघडले, खाटेच्या कडेला हाताने चाचपलं. तांब्या शोधत होती. सिस्टर आबांना म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही पण छातीचा फोटो काढून घ्या." दुसऱ्या दिवशी काकू गेली.

त्यानंतरचं खाकरणं ऐकवत नसे. संध्याकाळी शेळ्या कोंडून आबा ओट्याशी येत, सवयीने बारीक खाकरत आणि दाराकडे बघत उभे राहत. मग हळूच आत जाऊन स्वतःच्या हाताने पाणी घेत. कधी विसरून पुन्हा जाड खाकरत, चहासाठी. भिंतीच्या अलीकडे मी आणि माझी बायको एकमेकांकडे बघायचो. समोरच्या घरची नवी सून भली होती; ती एके दिवशी खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आली. "आबा, लई दिवस झाले खोकून राहिले तुमी. दोन टाइम घ्या." आबांनी बाटली घेतली. "बराबर हाय, लेकी," म्हणाले. आणि मला आश्चर्य वाटलं, औषध सुरूही केलं.

अशात तो सिनेमा आला. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातले निम्मे पुन्हा रडायला बसतील. त्यातला पोरगा नायिकेला सारखा हाका मारतो. देवळाच्या पायऱ्यांवरून, धावत्या गाडीवरून, मोबाइलच्या टॉवरवर चढून, "रेवाऽऽ!" बस्स, जिल्हाभर हाकांची साथ पसरली. कळमनुरीच्या बाजारात पोरं हळदीच्या पोत्यांवर चढून रेवाला बोलावू लागली. मोबाइलच्या दुकानांची नावं बदलून रेवा झाली. आमच्या गावात बायकांनी ठराव केल्यासारखं धरलं की नवऱ्याने नावाने हाक मारली पाहिजे. काही दिवस दिवेलागणीला गल्लीत नुसती नावं. एकाने "मंगलऽ" म्हटलं की तीन घरांतून ओ यायची आणि दोन घरांत भांडण लागायचं. माझ्याकडूनही हाक मारून घेण्यात आली. पुरेशी गोड नव्हती म्हणून परत मारायला लावली.

माझी पंपाची मोटार जळाली होती, ती हिंगोलीला तार भरायला टाकलेली. आणायला निघालो तेव्हा आबांना म्हटलं, चला, तेवढाच बदल. तिथे गेलो तर कारागीर म्हणतो, संध्याकाळी या. ऊन असं की डांबर चिकटत होतं. समोर थिएटर, आत गार हवा. आबांना मी सांगितलं, "सावलीला बसू." खोटं नव्हतं.

पुढच्या माणसाचं दुःख मागच्याला दिसू नये एवढा मोठा आबांचा पटका. मागचं पोरगं म्हणालं, "आजोबा, पटका काढा ना, हिरोईन दिसंना." आबा म्हणाले, "मला दिसून राहिली की." पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी आख्खी रांग हसवली. "किती येळा नाव घेऊन राहिला हा! पोरगी बहिरी हाय का काय?" मागून कुणी म्हणालं, "आजोबा, प्रेम हाय ते." "प्रेम हाय तर खाकरावं की जरासं. गाव गोळा करायची काय तकलीफ?"

मग जत्रेचा प्रसंग आला. नायिका गर्दीत एकटी, पाठमोरी. लांबून हाक येते. ती वळते आणि तिचा चेहरा पडदाभर होतो. ओळखलंत ना? तोच. मध्यंतरात मी शेंगदाण्याची पुडी पुढे केली तर आबांनी हात लावला नाही.

शेवटी तिचं लग्न दुसरीकडे होतं. गाडी निघते, ती काच खाली करून मागे बघत राहते, आणि एवढ्या हाका मारणारा तो पोरगा रस्त्याच्या कडेला उभा राहतो, तोंड उघडतो आणि हाक मारत नाही. संपला सिनेमा. थिएटरात जो हुंदक्यांचा कल्लोळ उठला, तसा आमच्याकडे मयतीतही उठत नाही. मिसरूड फुटलेली पोरं नळावर तोंड धूत होती. एक पोलीस खाकी शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. माझं विचाराल तर माझ्या डोळ्यांत गार हवा गेली होती. आबा मात्र कोरडे ठणठणीत. मोटार मांडीवर धरून माझ्या पाठीमागे गाडीवर बसले.

घराशी उतरल्यावर म्हणाले, "बापू, नाव ऐकल्यावर त्या पोरीचं तोंड कसं झालं, पाह्यलं का?"

"पाह्यलं की."

"दत्ताच्या मायचं तोंड तसं कवाच झालं न्हाई." मग म्हणाले, "झालं असतं का रं?"

गावात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही अशी माझी ख्याती आहे. त्या दिवशी मी त्यांच्या हातातली मोटार घेतली आणि घरात शिरलो.

पुढे चार दिवस त्यांनी हाच ध्यास धरला. एकदा तरी तिला हाक मारायची. गेलेल्या माणसाला हाक मारून काय होणार, हे मी विचारलं नाही; त्यांनी आयुष्यभर मला मूर्खासारखे प्रश्न विचारू दिले होते, तेवढे पुरे होते. अडचण वेगळीच होती. "सुशीला म्हणून हाक मारली तर ती वळायचीच न्हाई," आबा म्हणाले. "तिला वाटंल, दुसऱ्या कुणाला बोलावून राहिलेत. तिचं म्हायेरचं नाव पायजे." आणि ते नाव नवऱ्याला माहीत नव्हतं! लग्नात आबा मिसरूड न फुटलेले; मोठ्यांनी ठरवलं, मोठ्यांनी लिहिलं. लग्नानंतर माहेरचेही तिला धाकलीच म्हणत, आणि आबांनी कधी विचारलं नाही, कारण खाकरण्याला नाव लागत नाही.

तर आम्ही कळमनुरीच्या पुढे तिच्या माहेरी गेलो. तिची थोरली बहीण तेवढी राहिली होती. अंगणात शेंगा फोडत बसली होती. कानाने अधू, जिभेने धडधाकट. चहापाणी झालं, दत्ताची चौकशी झाली. आबा नुसते खाकरू लागले. शेवटी मीच ओरडून विचारलं, "मावशी, काकूंचं माहेरचं नाव काय होतं?"

म्हातारीने शेंग टाकली. आबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पावनं, मेल्यावर बारसं करून राहिले व्हय?"

आबांनी मान खाली घातली.

"गिरजा," ती म्हणाली. "आमच्या बापानं ठिवलं व्हतं. गिरजे म्हणून हाक दिली की वावराच्या त्या टोकावरून पळत यायची, पायात काटा हाय का खडा, बघायची न्हाई."

आबांचा चेहरा पाहून मला वाटलं, काम झालं. पण ते पांढरे पडले होते. म्हातारीनेच उलगडा केला, "तुमच्या मायचं बी तेच नाव न्हवं का, पावनं? सुनंला हाक माराया जावं तर सासूचं नाव घेतल्यावानी व्हायचं. म्हणून तर मांडवातच पुसलं. तुमाला कुणी सांगितलं न्हाई काहून?"

कुणीच सांगितलं नव्हतं. परतीला बाळापूर मागे पडलं. मग आबा माझ्या कानाशी म्हणाले, "बापू, मायचं नाव घेऊन वरडू कसं? मी हाक मारली तर आधी माय उठून बसंल. म्हणंल, का रं बाबा, काय पायजे? अन् ही मागं उभी ऱ्हाईल, पदर धरून. तिचा नंबर मग कवा यायचा?" मी हसलो. तेही हसले. गाडीच्या आरशात पाहिलं तेव्हा ते हसत नव्हते.

तरी त्यांनी करून पाहिलं. एका संध्याकाळी मी वावरातून येत होतो. माळाच्या चढावर आबा उभे होते, शेळ्यांच्या हाका मारायच्या जागी. दोन्ही हात तोंडाशी धरलेले, छाती भरलेली. मी बाभळीआड थांबलो. किती तरी वेळ ते तसेच होते. मग हात खाली आले आणि ते खाकरले, बारीक, ओट्याशी खाकरत तसे. सगळ्या शेळ्यांनी माना वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

पुढच्या थंडीत आबा गेले. दत्ता येऊन शेळ्या विकून गेला, घराला कुलूप आहे. भिंतीपलीकडे आता काहीच ऐकू येत नाही आणि माझी बायको म्हणते, रेडिओ लावा. पण मला ते आठवतात ते जाण्याच्या थोडं आधीचे. एके दिवशी सकाळीच धुवट धोतर नेसून माझ्या दारात आले. "बापू, त्या पोराकडं जाऊन येऊ." कोणता पोरगा, मला आधी कळेना. सिनेमातला.

सिनेमा अजून उतरला नव्हता; दुपारचा खेळ होता. या वेळी त्यांनी पटका आधीच काढून मांडीवर घेतला. हाका आल्या, जत्रा आली, ती वळली, तिचा चेहरा पडदाभर झाला. आबा पुढे वाकून बघत राहिले. मग ती गाडी. काच खाली. तिचे डोळे मागे. पोरगा रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. थिएटरात नाकं ओढायला सुरुवात झाली. त्याने तोंड उघडलं. आणि माझ्या शेजारी आबा ताडकन उभे राहिले, पटका खाली पडला, आणि माळावरून ओढ्यापलीकडे जाईल अशा आवाजात ओरडले, "आरं लेकरा, मार की हाक! तुला तर तिचं नाव घेता येतंय!"