लग्नाच्या सामानाला पिशवी

दुकानाच्या दारात पाटी लागली त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. 'पिशवी घरून आणावी. प्लॅस्टिकची पिशवी मिळणार नाही. कापडी पिशवी विकत मिळेल.' पाटी चांगली ठसठशीत, लाल अक्षरांत. पण आमच्या सोलापूरचा माणूस पाटी वाचत नाही. तो आत येतो, ढकलगाडी भरतो, रांगेत घाम पुसत उभा राहतो आणि बिल हातात पडल्यावर विचारतो, "पिशवी कुटं हाय?"

मी होटगी रस्त्यावरच्या एका सुपरमार्केटात बिल करायला बसते. प्लॅस्टिकवरची बंदी जणू मीच घरी बसून घातली होती, असं लोक माझ्याशी बोलायचे. एका गृहस्थांनी रागारागानं हेल्मेटात बटाटे भरून नेले. एकीनं लेकीच्या दप्तरातली पुस्तकं तिच्या हातात दिली आणि दप्तरात तेलाची पाकिटं कोंबली. एक जण तर भरलेली गाडी तशीच सोडून निघून गेला, जाताना म्हणाला, "एवढं सामान घ्यायचं आन् वर पिशवीबी इकत?" हजारांचं सामान घेणारा माणूस पिशवीच्या चार पैशांसाठी जीव टाकतो. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय!

मला हसू यायचं, पण हसायची सोय नव्हती. नवरा चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता, तिथली पाळी बंद झाली आणि तो घरी बसला. घर माझ्या एकटीच्या कामावर चाललेलं, आणि माझी नोकरी अजून कच्ची. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पिशवीवरून वाद नको. कस्टमरचा एक फोन हेड ऑफिसला गेला तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही." नुसती धमकी नव्हती ती. माझ्या शेजारच्या काउंटरवरची मुलगी अशाच एका भांडणात घरी गेली. तिची खुर्ची अजून रिकामीच होती.

आईला हे सांगितलं तर ती उठली आणि कपाटातून एक गठ्ठा काढून आणला. आमचे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. ते गेल्याला वर्ष झालं तेव्हा वर्षश्राद्धाला वाटायला म्हणून आईनं स्वतः मशिनवर बसून मांजरपाटाच्या पिशव्या शिवल्या होत्या आणि छापून आणल्या होत्या. वर वडलांचं नाव, त्याच्या आधी 'कै.', खाली 'प्रथम पुण्यस्मरणार्थ'. पाहुणे आईच्या अंदाजापेक्षा फार कमी आले. पिशव्या उरल्या, आणि उरल्या याचं तिला फार वाईट वाटलं होतं. "घेऊन जा," ती म्हणाली. "अडल्यानडल्याला दे. चार लोकांच्या हातात त्यांचं नाव फिरंल तरी."

मी त्या काउंटरखाली ठेवल्या. कुणी फारच अडून बसलं, रांग खोळंबली, की एक काढून द्यायची. साहेबांना दिसत होतं. पण रांग पुढं सरकते म्हटल्यावर ते बरोबर त्याच वेळी दुसरीकडं बघायचे. लोकही खूश. फुकट म्हटल्यावर कोण कशाला वाचतंय? दही, साबण, मिरचीपूड, सगळं वडलांच्या नावाखाली घरोघर गेलं.

मग एका रविवारी संध्याकाळी ती बाई आली.

लग्नसराई होती. रांग पार डाळींच्या मांडणीपर्यंत गेली होती. काउंटरवर बसणाऱ्याला माणसाचे चेहरे नीट दिसत नाहीत, हात आणि सामान तेवढं दिसतं. सामान बघितलं आणि लग्नघर आहे हे कळलं. तांदूळ, हळद, कुंकू, हळकुंडं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, नारळ. शेजारी लेक उभी, हातात मोबाइल, नवरी तीच असणार, कारण आई प्रत्येक वस्तू ठेवताना तिला विचारत होती.

बिल झालं. बाई म्हणाली, "पिशवी द्या."

"मावशी, विकत घ्यावी लागंल. दारात पाटी हाय की."

"लग्नाचं सामान घेतलंय, आन् पिशवी इकत? वैरागहून आलोय आमी. कुटल्याबी दुकानात असं न्हाय."

"आता सगळीकडंच हाय. घरनं आणायची एखादी."

एवढंच म्हणाले मी. पण त्या शब्दानं बाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घरनं आणायची का न्हाय ते तुमी सांगू नका!" आवाज असा चढला की पलीकडच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, पदरात घ्या की वो, ओटीचंच सामान हाय." दोघंतिघं हसले. बाई आणखी पेटली. साहेब लांबून माझ्याकडं बघायला लागले. मला एकच कळत होतं, हे भांडण इथंच मिटलं पाहिजे. मी खाली हात घातला, एक पिशवी ओढली आणि भराभर सामान भरून तिच्यापुढं सरकवली.

छापलेली बाजू माझ्याकडं होती. बाईनं बंद धरले, पिशवी फिरवली आणि तिचा हात तव्यावर पडल्यासारखा मागं आला.

"अगं बया! मढ्याची पिशवी! माझ्या लेकीची हळद मढ्याच्या पिशवीत घातली हिनं!"

माझी चूक मला त्या क्षणी कळली. हळदकुंकू, नारळ, नवरीच्या ओटीचे तांदूळ, आणि वर 'पुण्यस्मरणार्थ'. आमच्याकडं लग्नघरात असल्या गोष्टीचं नावसुद्धा काढत नाहीत. मी पाया पडून माफी मागायला पाहिजे होती. पण 'मढं' हा शब्द माझ्या काळजात गेला होता.

"मढं न्हाय ते," मी उभी राहिले. "माझा बाप हाय त्यो. आन् शिवलीय माझ्या आईनं."

"असू दे की! माझ्या लेकीच्या संसाराशी काय खेळ लावलाय? कुणाला फोन करायचा असतोय हितं? तो नंबर लाव गं," बाई लेकीला म्हणाली. हेड ऑफिसचा नंबर माझ्या डोक्यावरच लावलेला होता.

साहेब धावत आले. पाचसहा वेळा सॉरी म्हणाले, सामान बदलून देतो म्हणाले, सगळं नवीन, हळदीसकट. मग माझ्याकडं वळले. पिशव्या कुठून आल्या हे त्यांना आत्ताच पहिल्यांदा कळल्यासारखा चेहरा. "या पिशव्या कुणी ठेवायला सांगितल्या? मॅडमची माफी मागा. आणि सगळ्या आत्ता, यांच्यासमोर, त्या डब्यात टाका."

कचऱ्याचा डबा माझ्या पायाशीच होता. वर केळीची सालं पडलेली.

मी हात जोडले. "मावशी, चुकलं माझं. लग्नाच्या सामानाला ही पिशवी द्यायला नको होती. मी पाया पडते तुमच्या." आणि मग साहेबांकडं बघितलं. "पण डब्यात न्हाय टाकणार मी."

"मग उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले. हळू म्हणाले, पण सगळ्यांनी ऐकलं.

घरी बसलेला नवरा दिसला, शेजारची रिकामी खुर्ची दिसली. गठ्ठा मी छातीशी धरला होता. टाकून दिल्या असत्या तर आईला कधी कळलंही नसतं. हेही डोक्यात येऊन गेलं. पण हात काही सुटेनात. लेक मोबाइल हातात घेऊन तशीच उभी होती. तिचा अंगठा हलला असता तर साहेबांनाही आपला शब्द मागं घेता आला नसता.

"लाव की!" बाई ओरडली.

"न्हाय लावत," पोरगी म्हणाली. तिचं पहिलंच वाक्य ते. "आदी सांग त्यांना, घरनं पिशवी का न्हाय आणलीस ते."

"गप बस."

"पपांचं नाव छापलेल्या तेराव्याच्या पिशव्या माळ्यावर पडल्यात आपल्या. पोतंभर. घरात दुसरी पिशवीच न्हाय, म्हणून हात हलवत आलो." पोरीचा आवाज फुटला. "पत्रिकेवर कै. लावून पपांचं नाव छापलं ते चाललं तुला. आन् पिशवीवर ह्यांच्या बापाचं नाव दिसलं तर मढं?"

मी त्या बाईकडं पहिल्यांदा नीट बघितलं. कपाळावर बारीक काळी टिकली, हातात सोन्याची एकेक बांगडी. नवरीच्या आईच्या हातात हिरवा चुडा असतो. तो नव्हता.

बाईनं काउंटरला हात टेकला. "वर्साच्या आत उरकायचंय," ती म्हणाली, आणि ते लेकीला होतं, मला होतं की साहेबांना, कळेना. "न्हायतर तीन वर्सं थांबा म्हणत्यात. तिकडची माणसं आदीच म्हणाल्यात, बाप गेलेली पोरगी, बघून घ्या. मी हळदीला हात लावायचा न्हाय म्हणून जाऊ बजावतीया. घरात कुटं त्यांचं काय दिसू नये म्हणून म्याच चढले माळ्यावर, त्या पिशव्या टाकायला. आन् हितं येऊन बघती तर तेच."

साहेब म्हणाले, "मॅडम, आपण निवांत ऑफिसमध्ये बसून—"

"काय बसायचं न्हाय. फोनबी करायचा न्हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन् हिला कामावरनं काढायचं न्हाय. लग्नघराला कुणाचा तळतळाट नको. एक पिशवी द्या इकतची. कोरी."

साहेब निघून गेले. जाताना मला म्हणाले, गठ्ठा आजच्या आज घरी न्या आणि परत आणू नका. म्हणजे उद्या यायचं होतं. मी खुर्चीत बसले.

नवीन सामान आलं. मागची रांग खोळंबली होती, पण घाई कुणी केली नाही. मघाशी पदरात घ्या म्हणणाऱ्यानं खाली वाकून नारळ उचलून दिला. मी आणि ती पोरगी कोऱ्या पिशवीत एकेक वस्तू ठेवत होतो. जुनी पिशवी काउंटरवर पडली होती, अक्षरं वर. बाई तिच्याकडं बघत होती, हात न लावता.

"नाव वाचलंच न्हाय म्या," ती म्हणाली. "खालचं तेवढं दिसलं." आणि मान वाकडी करून तिनं माझ्या वडलांचं नाव वाचलं, अक्षर अक्षर लावत, मोठ्यानं. आईला पाहिजे होतं ते हेच. एवढ्या पिशव्या गेल्या, पण ते नाव माझ्यासमोर पहिल्यांदाच कुणीतरी वाचलं होतं. मला रडू आवरेना.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमच्या मालकांचं नाव काय होतं, मावशी?"

जुन्या वळणाची बाई. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घेणार? तिनं लेकीकडं बघितलं. पोरीनं सांगितलं, पूर्ण, आजोबांच्या नावासकट, आडनावासकट. लग्नाची तयारी सुरू झाल्यापासून ते नाव त्या घरात कुणी मोठ्यानं घेतलं नसावं. बाईनं ऐकलं आणि खांद्यावरचा पदर उचलून डोक्यावर घेतला, नवरा समोर आल्यावर घेत असेल तसा.