पृथ्वीबाईंचा नियम

मुलं त्यांना पाठीमागे ‘पृथ्वीबाई’ म्हणायची. एक तर त्या गोल होत्या, दुसरं म्हणजे चालताना थोड्या कलायच्या, आणि तिसरं म्हणजे सदा कशाभोवती तरी फिरत असायच्या. बाईंना हे ठाऊक होतं. आपल्याला ‘खडू’ किंवा ‘छडी’ म्हणत नाहीत यातच त्या समाधानी होत्या.

शाळेत त्या ‘जग आणि आपण’ हा विषय शिकवत. आठवड्याला एक तास, तोही जेवणाच्या सुट्टीनंतरचा, अर्धा वर्ग पेंगत असताना. दुष्काळ, निर्वासित, समुद्रात साचलेलं प्लास्टिक, एकाच्या कारखान्याचा धूर दुसऱ्याच्या छातीत कसा जातो, असलं सगळं त्यात होतं. परीक्षा नव्हती, त्यामुळे पालकांच्या लेखी तो विषयच नव्हता. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर विचारायचे, “काय बाई, आज कुठलं युद्ध थांबवलंत?”

“तुमच्या वर्गातलं थांबू दे, मग बाहेरचं बघते.”

घरी नवराही सोडत नसे. “झालं का जगाला पाणी पाजून? मग आता आपला नळ बघ. वायसर गेलाय.”

खरं तर बाईंचं जग अगदी लहान होतं. दोन खोल्या, शाळा आणि मधला पूल. देशाची सीमा त्यांनी कधी ओलांडली नव्हती. सख्ख्या बहिणीशी आईच्या घरावरून अबोला होता, आणि तिथे समोरच्याच्या जागी उभं राहणं त्यांना अजून जमलेलं नव्हतं. कदाचित म्हणूनच त्या ते मुलांना इतक्या हट्टाने शिकवत.

दर वर्षी त्या वर्गात जगाची सभा भरवत. बाकं गोलाकार लावायची, पुठ्ठ्यावर देशांची नावं लिहायची आणि चिठ्ठ्या टाकायच्या. नियम एकच: जो देश येईल तो आपला. बदलून मिळणार नाही. आणि बोलताना ‘ते लोक’ म्हणायचं नाही, ‘आम्ही’ म्हणायचं.

त्या वर्षी टाचणीने चिठ्ठी उघडली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

टाचणी ही शिंप्याची मुलगी. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. नदीपलीकडच्या देशातून पळून आलेली माणसं मालगोदामांमागच्या इमारतींत राहत, त्यांतलं तिचं घर. आणि चिठ्ठीत आला होता तोच देश, ज्याच्या सैन्याने त्यांचं गाव जाळलं होतं. तिच्या आत्याचा नवरा त्या दिवशी गेला. टाचणी तेव्हा आईच्या कडेवर होती. पुढे आईही वाटेतच गेली.

बाईंनी चिठ्ठी वाचली. तेव्हाच हात पुढे करून ती परत घ्यायला हवी होती. पण त्यांच्या मनात काहीतरी लकाकलं. इतकी वर्षं मुलांना दूरदूरचे देश यायचे. मुलं विश्वकोशातून चार ओळी उतरवून आणायची आणि घंटा झाली की पुठ्ठे कोपऱ्यात भिरकावून पळायची. आज पहिल्यांदा चिठ्ठी बरोबर माणसाच्या हातात पडली होती.

“जमेल तुला?” त्यांनी विचारलं.

“नियम म्हणजे नियम,” टाचणी म्हणाली.

सभेच्या दिवशी ती उभी राहिली. हातात कागद नव्हता.

“आम्हाला समुद्र नाही,” ती म्हणाली. “आमचं धान्य तुमच्या बंदरातून यायचं. तुम्ही बंदर बंद केलंत, त्या हिवाळ्यात आमच्याकडे मुलं मेली. तुम्ही पुन्हा बंद कराल म्हणून आम्ही घाबरलो होतो. घाबरलेला माणूस आधी मारतो. आम्ही मारलं. आम्हाला वाटलं, हे संपलं की झोप लागेल. लागली नाही.”

ती बसली तेव्हा पेंगणारी मुलंसुद्धा जागी होती. दारात उभे असलेले मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, तिचं बोलणं फोनवर टिपत होते. “बाई, जिंकलंत,” ते म्हणाले, आणि तो व्हिडिओ त्यांनी अभिमानाने पालकांच्या ग्रुपवर टाकला. बाई त्या दिवशी घरी जाऊन नळ दुरुस्त करून मोकळ्या झाल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात टाचणीचं बाक रिकामं होतं. त्याच्या पुढच्याही.

बाई शिंप्याच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, एक आरसा, आणि कपडे टांगायची दांडी. दांडी मोकळी होती. शिंपी मशीनला उगाच तेल घालत होता.

“या बाई,” तो म्हणाला. “बसा. हल्ली बसायला जागाच जागा आहे.”

“काय झालं?”

“व्हिडिओ वस्तीत फिरला. लोक आले आणि माप दिलेली कापडं परत घेऊन गेले. अर्धी शिवलेलीसुद्धा. एकाने तर एका बाहीचा सदरा नेला. आता कुठं घालणार तो, देव जाणे.” त्याने मशीनवर आणखी दोन थेंब तेल सोडलं. “माझी बहीण पोरीच्या हातचं पाणी घेत नाही. लोक म्हणतात, पोरीनं खाल्लं इथलं आणि बोलली त्यांचं.”

“मी सगळ्यांना समजावते. तो धडा होता.”

“धडा त्यांना नका शिकवू, बाई. त्यांचा शिकून झालाय.” त्याने तेलाची बुधली ठेवली. “एकच वाट आहे. वस्तीची बैठक आहे. तिथं येऊन सांगा की भाषण तुम्ही लिहिलंत. पोरीला अर्थ कळत नव्हता, तुम्ही पाठ करून घेतलंत.”

“पण ते तिनेच...”

“मला ठाऊक आहे. इथंच बसून लिहिलं तिनं. मला वाचून दाखवलं. मला वाटलं, शाळेचं आहे, चांगलंच असणार.” तो मशीनच्या चाकाकडे बघत राहिला. “नाहीतर आम्हाला इथून उठावं लागेल. एकदा उठलोय. पुन्हा उठायची ताकद नाही माझ्यात.”

मागच्या पडद्याआड, त्यांच्या खोलीत, कोणीतरी भांडी घासत होतं. बाईंनी टाचणीला हाक मारली तेव्हा भांड्यांचा आवाज थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला.

बाईंनी शाळेत जाऊन शिंप्याचं मागणं सांगितलं, तोवर मोठ्या सरांनी व्हिडिओ काढून टाकला होता. “पण सुटला बाण तो सुटला,” ते म्हणाले. “आणि तुम्ही लिहून दिलं म्हणालात तर इथले पालक मला सोलून काढतील. शिक्षक मुलांच्या तोंडी राजकारण घालतात म्हणतील. विषय बंद होईल, बाई. मी काही करू शकणार नाही.”

“पोरगी शाळेत यायला हवी, सर.”

“विषयाशिवाय?”

“विषयाशिवाय.”

बैठक एका इमारतीच्या तळमजल्यावर होती, सायकली बाजूला सारून केलेल्या जागेत. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर दिव्याची एकच भगभगीत नळी. सगळे ज्यांना मोठे काका म्हणत ते पुढे बसले होते. तिकडे ते न्यायालयात कारकून होते, इथे गाड्यांच्या तळावर राखण करत. शिंपी भिंतीला टेकून उभा होता आणि टाचणी त्याच्या शेजारी, मान खाली घालून.

पहिली आत्याच बोलली. आवाज चढला नाही.

“ते घाबरले होते म्हणे. कुणाला? माझ्या नवऱ्याला? तो दाढी करत होता, बाई. तोंडाला साबण होता त्याच्या. साबणाच्या तोंडाने बाहेर गेला, कोण आलंय बघायला.”

बाईंनी इतकी वर्षं दुसऱ्याच्या जागी उभं राहा म्हणून सांगितलं होतं. आता ती जागा समोर होती, साबणाने माखलेली, आणि पाय उचलत नव्हता.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “भाषण मी लिहिलं. तिला पाठ करायला लावलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं.”

टाचणीने मान वर केली.

“तुम्ही कशाला लिहिलंत असलं?” मोठ्या काकांनी विचारलं.

“मला अक्कल नव्हती.”

मागून कोणीतरी म्हणालं, “शिकलेल्यांना नसतेच.” दोघं-तिघं हसले. त्या हसण्याने खोली थोडी सैल झाली.

मोठे काका टाचणीकडे वळले. “पोरी, खरं सांग. बाईंनीच लिहून दिलं ना?”

टाचणी बाईंकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, प्रश्न होता. वर्गात हात वर करताना असायचा तसाच. बाईंच्या मनात आलं, ही खरं बोलणार. आपणच तिला तसं घडवलं. शिंप्याचे डोळे मिटलेले होते. बाईंनी ‘हो’ म्हण अशी मान हलवली. अगदी थोडी, पण टाचणीला दिसेल इतकी.

“हो,” टाचणी म्हणाली. “बाईंनी लिहून दिलं. मी फक्त पाठ केलं.”

आत्या रडायला लागली. मग उठून तिने भाचीला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीत दोन धपाटे घातले. बाहेर पडताना एक माणूस शिंप्याला म्हणाला, “उद्या कापड टाकतो. बाही मोकळी शिव.” शिंपी बाईंजवळ आला आणि हात जोडून निघून गेला.

टाचणी शाळेत येऊ लागली. पालकांची तक्रार व्हायची ती झाली. वर्ष संपलं की विषय बंद, असं ठरलं. तोवर चालू द्या म्हणाले, कारण त्या तासाला दुसरं कोणी रिकामं नव्हतं. गणिताचे सर आता थट्टा करत नव्हते. बाईंना त्याचंच ओझं वाटे.

त्या दिवशी धडा पाण्याचा होता. वरच्या देशाने नदीवर धरण बांधलं, खालच्या देशातली शेती वाळली.

“धरण बांधणाऱ्यांची बाजू कोण मांडेल?” बाईंनी विचारलं.

कोणी हात वर केला नाही. सवयीने त्यांची नजर टाचणीकडे गेली.

“तुला काय वाटतं?”

टाचणी उभी राहिली. तिने वहीचं कोरं पान उघडलं आणि पेनचं टोपण काढलं.

“तुम्ही सांगा ना, बाई. मी लिहून घेते.”

तो टोमणा असता तर बाईंना बरं वाटलं असतं. पण आवाजात काही नव्हतं. अभ्यासू मुलीचा आवाज होता तो. तिचं बघून इतरांनीही वह्या उघडल्या. पेनं टेकवून सगळा वर्ग बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. बाई थांबल्या. कोणीतरी काहीतरी उलट बोलेल म्हणून थांबल्या. खिडकीबाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा घरघरून बंद पडत होती.

मग बाई सांगू लागल्या, आणि मुलं उतरवून घेऊ लागली.