गिरणीचा धूर

पाचोऱ्याला जाताना गाडीच्या खिडकीतून तो रोज दिसायचा. नव्या गिरणीच्या चिमणीखाली बसून कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या पेटवायचा आणि धूर निघाला की मान वर करून बघत राहायचा. गिरणीत यंत्रं नव्हतीच. गावात फिरून त्यानंच शेअर विकले होते, आणि ते पैसे चिमणी बांधण्यातच संपले होते.

एकदा मुद्दाम उतरून मी विचारलं, "हा धूर कशासाठी?"

"धूर देखीसन मुंबईना शेठ पैसा लावतीन, असं वाटनं व्हतं."

"मग, आले का?"

"नही, भाऊ. आते हाऊ धूर गावकरता शे. धूर थांबना का गाव माले पैसाना हिशोब इचारी."

परवा धूर दिसला नाही. तोही नव्हता. अख्खं गाव मात्र चिमणीखाली उभं होतं, त्याच्यासारखीच मान वर करून.