वैशालीला आणायला अमडापूरला

वैशालीला पुण्याला घेऊनच यायचं, असं ठरवून शुक्रवारी निघाले. ती माझी मामेबहीण. आमच्या ऑफिसात एक जागा होती, मुलाखत सोमवारी.

तिचं सासर अमडापूर, बुलढाणा जिल्ह्यात. तिथे रेल्वे नाही. पुण्याकडून जाणाऱ्यांनी जालन्याला उतरावं, तिथून एसटीने चिखली. बायकांना अर्धं तिकीट. चिखलीच्या स्टँडसमोर भजी खाल्ली आणि खामगावच्या गाडीने शनिवारी अमडापूर गाठलं.

वैशाली सोयाबीनमध्ये होती, निंदणाऱ्या बायांच्या ओळीत. पलीकडच्या तुकड्यात दोन पुरुष फवारत होते. फवारणीला मजुरी जास्त. ते काम बायांना देत नाहीत.

"या ताई, धरा खुरपं," एक बाई म्हणाली.

"पुण्याचे हात हायेत वं, सोलून निंघतील!" दुसरी.

त्याआधी चार वर्षं वैशाली रोज बुलढाण्याच्या एका टायपिंग केंद्रात जायची. अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायची. शेजारच्या खुर्चीवर तिचा दीर. मग टायपिंग सॉफ्टवेअर करू लागलं आणि केंद्रातल्यांना त्याच्या चुका दुरुस्त करायला बसवलं. तिथल्या बायांनी पैजा लावल्या, कुणाची फाइल बिनचूक जाते. वैशाली जिंकायची. त्या दुरुस्त्यांवरून सॉफ्टवेअर शिकत गेलं, वर्षभरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. केंद्र बंद झालं. दीर मस्कतला गोदामात लागला. वैशाली शेतात.

रात्रीच्या वादासाठी मी मुद्दे तयार ठेवले होते. पण जेवताना तिची सासूच म्हणाली, "घेऊन जा तिले. लेकराले मी पाहीन. ते लोक तणनाशक फवारून राह्यले. औंदा निंदणाले निम्म्याच बाया बोलावल्या."

वैशालीने विचारलं, "ताई, काम काय हाय पण?"

"मशीन मराठीत लिहितं. आपण तपासायचं."

ती भाकरी मोडायची थांबली. "म्हणजे त्याले पुन्हा शिकवाचं."

"तोवर पगार तर मिळेल."

"अन् शिकलं का मंग? लेकराले टाकून येऊ, अन् वर्षानं वापस? तवर माह्या ओळीत दुसरी बसंन."

"ओळ तरी राहीन का, बाई?" सासू म्हणाली.

रविवारी पहाटे मी उठले तेव्हा वैशाली खुरपं घेऊन निघून गेली होती. परतीचा डबा मला तिच्या सासूने बांधून दिला.

जुलैत तिकडचे डोंगर हिरवे असतात, फोटो चांगले येतात. मी एकही काढला नाही.

सोमवारी ती जागा अकोल्याच्या एका बाईला मिळाली. दोन लेकरांची आई. फार बारकाईने पाहते. पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तिने मशीनच्या सगळ्यांपेक्षा जास्त चुका पकडल्या. मी तिच्या टेबलाशी जाऊन तिला शाबासकी दिली.