न फाटणारा गणवेश

गल्लीत तिला सगळे इन्स्पेक्टरबाई म्हणत. ती स्वतः जेमतेम चौथीपर्यंत शिकली, आणि तेही शिकली न शिकल्यासारखंच. पण शाळांच्या बाबतीत तिचं मत म्हणजे शेवटचं मत. बाई मुलांचे गणवेश शिवायची. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. रस्त्याकडच्या खिडकीशी मशीन, भिंतीला लागून कापडाचे तागे, दारामागे दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचा ढीग आणि गिऱ्हाइकांसाठी एकच डगमगतं स्टूल. त्या स्टुलावर बसून कितीतरी आयांनी आपल्या पोरांचं भवितव्य ठरवलं होतं. बापमंडळी दारातच उभी राहून माना डोलवायची.

वस्तीत शाळा दोनच. एकीचा गणवेश निळा, एकीचा हिरवा, म्हणून बाईच्या लेखी एक निळी शाळा आणि एक हिरवी. पाट्यांवरची लांबलचक नावं घ्यायला तिला सवड नव्हती.

नावं नोंदवायचे दिवस आले की तिच्या खोलीत नुसता कलकलाट.

"निळीत गृहपाठच देत नाहीत म्हणे," औषधवाल्याची बायको सुरुवात करायची.

"अहो, पण माझ्या जावेचा मुलगा तिथंच आहे. धडाधड वाचतो."

"वाचत असेल हो. पण बोलतो कसा ते बघा. मोठ्या माणसांना उलटे प्रश्न विचारतो. हिरवीतलं पोर असं करेल? शाळेवरून जा कधीही, बाहेर चकार शब्द ऐकू येत नाही."

"मारतात की काय मग?"

"छे! बोटसुद्धा लावत नाहीत. नुसती शिस्त."

मग सगळ्यांचे डोळे बाईकडे वळायचे. बाई घाई करायची नाही. हातातली शिवण संपवायची, दातानं दोरा तोडायची आणि दारामागच्या ढिगातून दोन पँट ओढून काढायची.

"ही निळीची. गुडघा फाटलेला, खिसा उसवलेला, मागे चिखल. आणि ही हिरवीची. आली ती फक्त लांबी वाढवायला. वर्षभर वापरली, पण एक टाका निघाला असेल तर शपथ. आता मी वेगळं काय सांगू? कपडा खोटं बोलत नाही."

यावर कोण काय बोलणार? शिवाय दुरुस्तीची तिची निम्मी कमाई निळीच्याच फाटक्या गुडघ्यांवर चालायची. स्वतःच्या पोटावर पाय देऊन बाई हिरवीची शिफारस करते म्हटल्यावर लोकांना तिचं बोलणं सोळा आणे खरं वाटायचं. बाईलाही ते खरंच वाटायचं. ती लबाड मुळीच नव्हती. लबाड असती तर पुढचं सगळं तिला इतकं जड गेलं नसतं.

मग तिची स्वतःची नात शाळेच्या वयाची झाली. या पोरीला घरात टकळी म्हणत, कारण सकाळी डोळे उघडले की जी तोंडाची टकळी सुरू व्हायची, ती झोपेनंच बंद पडायची. मशीनच्या पायाशी बसून ती चिंध्यांशी, सुईशी, भिंतीवरच्या पालीशी गप्पा मारायची. पालीला तिनं मैत्रीण मानलं होतं.

सून दवाखान्याच्या लॉन्ड्रीत कामाला होती. कमी बोलणारी, पण ठाम. ती दोन्ही शाळा बघून आली.

"आई, मी गेले तेव्हा निळीतल्या एक बाई पोरांबरोबर जमिनीवर बसून खो खो हसत होत्या. मला तिथं बरं वाटलं. टकळीला तिथंच घालू या."

"शिकायला पाठवायचं आहे की दात काढायला?"

"हिरवीत मला वर्गच दाखवला नाही. दारातूनच परत पाठवलं."

"मग? कुणीही यावं आणि आत डोकावावं, ती काय धर्मशाळा आहे?"

"दाखवायला काय हरकत होती, एवढंच म्हणते मी."

बाईचा मुलगा जेवत होता. तो मान वर न करता म्हणाला, "आईला कळतं त्यातलं. इतकी वर्षं बघतेय ती." सुनेनं ताटं उचलली. टकळी हिरवीत गेली.

तिचा गणवेश बाईनं असा शिवला की बघत राहावं. दुहेरी शिलाई, खालच्या दुमडीत वाढत्या वयासाठी भरपूर कापड, बटणं इतकी घट्ट की ओढून निघू नयेत. पहिल्या दिवशी टकळी त्यात मिरवत गेली, तीही शाळेच्या दारापर्यंत वाटेतल्या खांबांशी बोलतच.

सुरुवातीला बाई खूश होती. पोर शाळेतून आली की दप्तर जागेवर ठेवायची, गुपचूप बसायची, गणवेशावर डाग नाही. "बघ, कशी शहाणी झाली," ती सुनेला ऐकवायची. मग टकळी अंथरूण ओलं करायला लागली. बाई म्हणाली, थंडीमुळे असेल. मग तिनं पालीकडे बघणंही सोडलं.

एका सुट्टीच्या दिवशी बाईनं इस्त्रीला टकळीचा शर्ट घेतला आणि तिचा हात थांबला. कॉलरचं टोक चावून चावून चोथा केलेलं. धागे सुटलेले, कापड पिवळट पडलेलं. ही कॉलर तिच्या ओळखीची होती. हिरवीच्या अशा किती कॉलरी तिनं उसवून पलटवल्या होत्या, चावलेली बाजू आत घेऊन, चांगली बाजू वर आणून! पोरांची खोड म्हणून हिशेबातच धरल्या नव्हत्या. उलट आयांची थट्टा करायची, "पोटभर जेवायला घालत जा गं पोराला, कॉलर खातोय बिचारा." आणि त्याही हसायच्या.

"टकळे, कॉलर का चावतेस गं?"

टकळीनं आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दातात धरली की बोलणं बाहेर येत नाही."

"आणि आलं तर?"

"भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. शाळा सुटेपर्यंत. शूला पण सोडत नाहीत."

"अगं, मग बाईंना सांगायचं ना, लागली आहे म्हणून."

"सांगायला बोलावं लागतं, आजी."

मधल्या सुट्टीत काय करता, असं तिनं विचारलं. हात मांडीवर ठेवून बसतो, टकळी म्हणाली, सगळेच बसतो. न पळणाऱ्या पोराचा गुडघा फाटेल कसा? एवढी साधी गोष्ट, आणि आयुष्यभर कपडे हाताळलेल्या बाईला ती कळली नव्हती. तिला स्वतःची शिसारी आली.

संध्याकाळी तिनं सुनेला सगळं सांगितलं. सून भांडली असती तर बरं झालं असतं. सुनेनं फक्त टकळीला मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "उद्या निळीत जाऊन या, आई. तुम्हीच जा."

निळ्या शाळेत गेल्यावर बाईला आधी वाटलं, आज सुट्टी आहे. मोठ्या पटांगणात मोजकीच पोरं एका मातीच्या टेकाडावरून घसरत होती, आरडाओरडा करत. हेडबाईंनी तिला ओळखलं आणि बसायला खुर्ची दिली.

"नातीचं नाव घालायचं होतं," बाई म्हणाली.

"या वर्षानंतर शाळा बंद होतेय. मुलंच उरली नाहीत." हेडबाईंचा आवाज शांत होता. "नावं काढून नेणाऱ्यांना मी कारण विचारायचे. बहुतेकांनी तुमचं नाव सांगितलं."

बाईला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

"आमच्या पोरांचे कपडे फाटायचे हे खरं आहे," हेडबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "ते टेकाड आम्हीच करून घेतलं होतं. तुम्ही एकदा येऊन विचारलं असतं तर बरं झालं असतं."

बाईनं मग जे जे सुचलं ते केलं. नदीपलीकडच्या शाळेनं सांगितलं, आम्ही आमच्या वस्तीतलीच मुलं घेतो. पोरीला घरी ठेवायचं म्हटलं, तर कायद्यात बसत नाही. शेवटी ती तावातावानं हिरवीत भांडायला गेली. तिथल्या साहेबांनी तिला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि जाताना आभार मानले. तुमच्यासारख्या पालकांमुळे आमचे वर्ग भरले, म्हणाले. तो चहा आपण प्यायलो कसा, हे तिला नंतर कितीतरी दिवस कळलं नाही.

पुन्हा नावं नोंदवायचे दिवस आले. एक तरुण आई आपल्या मुलाला घेऊन आली, तेव्हा बाईनं मशीन थांबवून तिला स्पष्ट सांगितलं, "तिथं घालू नकोस गं. पोरं मुकी होतात तिथं."

आईला आधी थट्टाच वाटली. "असं काय करता मावशी? माझ्या बहिणीला तुम्हीच सांगितलं होतं ना, हिरवीत घाल म्हणून?"

"चुकले मी."

"बरं, मग दुसरी कुठली शाळा सांगता?"

निळीला तर आता कुलूप लागलं होतं. मग ती आई म्हणाली, "थोडा सैलच शिवा, वाढत्या अंगाचा आहे." बाईनं माप घेतलं. पोरगा टेपच्या गुदगुल्यांनी खिदळत होता, आणि दर वेळी त्याचा हात वर करायला लावून तिला माप पुन्हा घ्यावं लागत होतं.

तो गेल्यावर तिनं टकळीला हाक मारली. तिचाही नवा गणवेश शिवायचा होता. टकळी येऊन समोर उभी राहिली. हात मांड्यांना चिकटलेले, ओठ मिटलेले, नजर भिंतीवर. बाईनं खांदा मोजला, छाती मोजली, उंची मोजली. सगळी मापं पहिल्याच फटक्यात बरोबर आली.

"हल की गं जरा," बाई म्हणाली.

टकळी हलली नाही.

"माझी राणी ना तू? हल थोडी. मी काही म्हणणार नाही." बाईचा आवाज फाटला.

टकळीनं तिच्याकडे नीट पाहिलं. आजी रागावली आहे की काय, हे तिला समजेना. म्हणून तिनं पाय आणखी जवळ घेतले आणि ती अधिकच ताठ उभी राहिली.