विमलाबाईंच्या दारातली बादली

विमलाबाईंचा नवऱ्यावर, लवूवर राग होता, आणि तो काही आजचा नव्हता. भाईंदर पश्चिमेला या सोसायटीत घर घेताना लवूने चेअरमन धीरजभाईंना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "हम लोग एकदम शाकाहारी." अख्ख्या इमारतीत मासे खाणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हे दोघं रत्नागिरीचे. बाईंचं माहेर तर जयगडच्या खाडीवरचं. शब्द देऊन लवू मोकळा झाला. सांभाळायची वेळ आली ती बाईंवर.

सांभाळायचा म्हणजे लपवाछपवी करायची. कारण लवूला आठवड्यातून दोनदा मासे लागत. रविवारी बांगडा नसला की स्वारी भांडी आपटायची. मग खिडक्या लावा, दाराच्या फटीत पोतेरं कोंबा, उदबत्त्या पेटवा आणि त्या धुरात घामाघूम होत कालवण करा. जेवून लवू ढेकर देत आडवा होई. काटे, खवलं, कोलंबीची सालं पेपरात गुंडाळायची, वर पालकाची जुडी ठेवायची आणि पिशवी घेऊन पलीकडच्या मोरवा गावाच्या वाटेवरच्या उकिरड्यापर्यंत चालत जायचं, ते बाईंनी. जिन्यात कुणी भेटलं की त्या पिशवी पदराआड धरायच्या. स्वतःच्याच घरात चोरासारखं राहायचा त्यांना वीट आला होता.

अशात चौऱ्याण्णव साली नगर परिषदेपुढे नवा प्रस्ताव आला. प्रत्येक घराने कचरा झाकणाच्या बादलीत दाराबाहेर ठेवायचा, माणूस येऊन तो नेणार, आणि दुसरीकडे कुठे टाकला तर दंड. लवूची पाचावर धारण बसली. मांजराने एकदा झाकण पाडलं की सगळा जिना बघणार!

लोकांचं म्हणणं ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. सोसायटीची मंडळी पुढच्या रांगेत बसली होती, त्यांच्या मागेच हे दोघं. लवूने सगळ्यांच्या आधी हात वर केला.

"हा गोरगरिबांवर जुलूम आहे!" तो ओरडला. "आधी पाणी द्या, मग कचरा मागा!"

पाण्याची बोंब खरीच होती, त्यामुळे टाळ्या पडल्या. काशीगावचा एक म्हातारा उठला, "आमच्या घरी कचरा व्हतच न्हाय, समदा शेतात जातो," म्हणाला; त्यालाही टाळ्या. दोन नगरसेवक एकमेकांच्या वॉर्डातले उकिरडे काढून हमरीतुमरीवर आले. या गोंधळात लवूला भलताच चेव चढला.

"आमच्या घरातला कचरा माझी बायको मुकाट्याने बाहेर नेते. कधी तक्रार नाही!"

बाई ताडकन उठल्या.

"तक्रार आहे. मला हा कायदा हवाय. माझा कचरा मला माझ्या दारात ठेवायचाय. त्यात माशाचे काटे असतात. पाच वर्षं मी ते पालकाखाली लपवून मोरव्यापर्यंत नेतेय. आता बस्स झालं."

धीरजभाई मागे वळले. ते चिडलेले दिसेनात.

"भाभी, वो तो हमको मालूम है. बास कभी छुपता है क्या? कोई बोला नहीं, इतनाच." मग त्यांनी लवूकडे बघितलं. "लेकिन लवूभाई, जबान तो आपने दिया था."

चुकलो म्हणाला असता तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण लवूने चारी बाजूंना बघितलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मैं नहीं खाता, धीरजभाई. माँ की कसम. ये खाती है, मायके की आदत. मैं कितना समझाता हूँ इसको."

बाईंना त्या क्षणी त्याची किळस आली. प्रस्ताव पुढच्या सभेवर ढकलला गेला, ते ऐकायलाही त्या थांबल्या नाहीत. बाजारातून सुरमई घेतली आणि घरी येऊन दार सताड उघडं टाकून तळायला बसल्या. शेजारणी नाकाला पदर लावून गेल्या. दोघींनी तर त्या दिवसापासून बोलणंच टाकलं. बाईंनी बघितलं आणि पुढचा तुकडा तव्यावर सोडला.

लवू आला, हातपाय धुऊन जेवायला बसला.

"वाढ," तो हळूच म्हणाला. "आणि आधी ते दार लाव."

"दार उघडंच राहील." बाईंनी त्याच्यापुढे वरणभात ठेवला. "तुम्ही खात नाही ना? आईची शपथ घेतलीत, सगळ्यांसमोर."

बाहेर धीरजभाईंची बायको समोरच्या दाराचं कुलूप उघडत होती. लवू तिच्याकडे बघून कसनुसं हसला आणि भात कालवू लागला.

रिटायर झाल्यावरही तो त्याच घरात राहिला. बाई दर रविवारी मासे करत आणि त्याच्यासमोर बसून खात. त्याला त्यांनी कधी वाढले नाहीत, आणि मागायची त्याची छाती झाली नाही.