गोल बुडाची बादली

"तू बघितलंस? सोत्ता?"

एवढं विचारून जमादार डावा डोळा बारीक करायचे आणि उत्तर मिळेपर्यंत तसाच ठेवायचे. पिंपरीच्या आमच्या कारखान्याच्या फाटकावर हा प्रश्न चुकवून आत गेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. कुणी म्हणालं, "जमादार, गाडी लेट होती," की हे विचारणार, "लेट आल्याली बघितलीस, का तूच लेट आलास?" मी टाइम ऑफिसात कारकून होतो. माझी खिडकी फाटकाला लागूनच होती, त्यामुळे ही करमणूक मला रोज फुकट मिळायची.

असा एखादा संशयात्मा तुमच्याही ओळखीत असेल. पण आमच्या जमादारांचा संशय सरसकट होता. त्यात लहानमोठा, आपला-परका असा भेद नव्हता. सुटीचा भोंगा झाला की खिशातलं घड्याळ काढून बघायचे आणि म्हणायचे, "भोंग्यावर काय इस्वास? वाजवणारा मानूसच हाय." कॅम्पातल्या दुकानातून पापड घेताना एक तिथेच मोडून चाखायचे. एकदा खुद्द मोठ्या साहेबांचा डबा त्यांनी फाटकात उघडायला लावला. आत दोन उकडलेली अंडी निघाली. घरी शाकाहारी म्हणवणाऱ्या साहेबांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा झाला होता.

संध्याकाळी सगळ्यांची झडती संपली की स्वतःची पिशवी माझ्यापुढे ठेवायचे. "बघा राव. दुसऱ्याचं बघनाऱ्यानं आपलं बी दावावं." पिशवीत रिकामा डबा आणि तंबाखूची चंची. रोज तेच. पण मी नीट बघेपर्यंत ते हलायचे नाहीत.

फाटकाच्या भिंतीला आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या. बूड गोल. एका नव्या कामगाराने विचारलं, की ही कसली बादली, खाली ठेवली तर लवंडते. जमादारांना असला प्रश्न म्हणजे मेजवानी. "आरं, म्हनूनच ती गोल. घरात ठिवता येत न्हाई, मग चोरून करायचं काय? बादली बनवनारा आपल्यातला हाय. त्याचा बी कुनावर इस्वास न्हाई."

मूळचे ते कुरुळीचे. पिंपरी गावठाणात दोन खोल्यांत राहायचे, आणि मी त्यांच्या शेजारी एका खोलीत. त्यांच्या घरी मला चहा मिळायचा तो वहिनींमुळे. वहिनी मावळातल्या, एका गडाच्या पायथ्याच्या. गडाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

त्या वर्षी वहिनींच्या अंगात बारीक ताप मुरला होता. मूल पोटातच गेलं, त्यानंतर लागलेला ताप. जमादारांनी तीन डॉक्टर केले आणि तिघांवरही संशय घेतला. एकाचं औषध दुसऱ्याला दाखवायचे, दुसऱ्याचं तिसऱ्याला. वहिनी मात्र दिवसेंदिवस बोलेनाशा झाल्या. एक दिवस एवढंच म्हणाल्या, "माझ्या माहेरच्या गंगेचं पानी आना. गोमुखातलं. मला चढवत न्हाई, न्हाईतर मीच गेले असते."

गडावर खडकात कोरलेलं एक कुंड आहे. वर दगडी गोमुख. खडकातला झरा त्यातून पडतो आणि तो बारमाही आहे, आटत नाही, अशी तिकडच्या लोकांची श्रद्धा. तिला ते गंगाच म्हणतात. जमादार ऐकून घेत होते. डोळा बारीक झाला. पण वहिनींच्या तोंडाकडे बघून प्रश्न गिळला त्यांनी. बाहेर येऊन मला म्हणाले, "भर वैशाखात? उघड्या कातळातनं? चला राव, बघूनच येऊ."

रविवारी आम्ही दोघं आगगाडीने मावळात उतरलो आणि चालू लागलो. ऊन असं की करवंदाच्या जाळीखालीही सावली सापडेना. जमादार एका हातात नवी कळशी घेऊन चढत होते आणि वाटेतल्या प्रत्येक गोष्टीची चौकशी करत होते. तोफेच्या गोळ्याने खचलेला बुरूज दाखवला तर म्हणाले, "गोळ्यानं खचला, का बांधनाऱ्यानं चुना खाल्ला?"

कुंडापाशी दहाबारा बायका ओटी घेऊन बसल्या होत्या. आणि काय सांगू, गोमुखातून खरोखर पाणी पडत होतं! करंगळीएवढी धार, पण थंडगार. माझे हात आपोआप जोडले गेले. जमादारांनी धारेखाली कळशी धरली, भरली, आणि मग खडकाला कान लावला.

"ही धार दम खातीया," ते पुटपुटले. "झरा दम खात न्हाई."

आणि ते खडकाला वळसा घालून मागे निघाले. त्यांना थांबवायला म्हणून मीही गेलो.

मागे एक म्हातारी होती. गुरवाची आई. शेजारी मोकळी घागर. दुसऱ्या घागरीतलं पाणी ती खडकातल्या एका खळग्यात हळूहळू ओतत होती. खळग्याच्या तळाशी चीर होती, त्यातून ते पलीकडे गोमुखात उतरत होतं. एवढीच ती गंगा. माझं मन एकदम विटलं.

जमादारांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा माणूस सगळा गड डोक्यावर घेणार. आयुष्यभर जिची वाट पाहिली ती चोरी रंगेहाथ सापडली होती.

म्हातारी घाबरली नाही. "वरडू नगा बाबा," ती म्हणाली. "पावसाळ्यापास्नं शिमग्यापतूर आपसूक येतंय. वैशाखात वाट आटती. पानी गडाचंच हाय, खालच्या टाक्यातलं. आमी नुसतं हितवर आनून सोडतो. बाया लांबनं येत्यात. कुनाचं लेकरू आजारी, कुनाचं काय. त्यांना माघारी कसं लावायचं?"

जमादारांनी तोंड मिटलं. त्यांच्या हातातली कळशी भरलेली होती. ती त्यांनी खांद्यावर घेतली. परतीच्या वाटेवर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

घरी वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कळशी दोन्ही हातांनी घेतली, आणि नवऱ्याकडे वर बघून विचारलं,

"पडत व्हतं गोमुखातनं? तुमी बघितलं? सोत्ता?"

तोच प्रश्न, आणि डोळाही तसाच किंचित बारीक. जमादार खाली बघत म्हणाले, "बघितलं. सोत्ता."

वहिनी पाणी प्यायल्या.

त्यानंतर आठवडाभर जमादार येताजाता माझ्या खिडकीशी थांबायचे. "राव, खोटं न्हाई बोललो मी. पडत व्हतं का न्हाई गोमुखातनं?" मी म्हणायचो, पडत होतं. "मग?" म्हणून जायचे, आणि तासाभराने परत यायचे. जगावर संशय घेणारा माणूस स्वतःच्या तावडीत सापडला होता. त्याची झडती कोण घेणार?

वहिनींचा ताप उतरला. डॉक्टरची सुईही चालूच होती, तेव्हा कशाने उतरला हे जमादारांनाही ठरवता आलं नाही, आणि गंमत म्हणजे त्यांनी ते ठरवायचा आग्रहही धरला नाही. पण पुढचा वैशाख जवळ आला तशा वहिनी म्हणाल्या, "आता चढवतंय मला. गंगेची वटी भरायची. तुमी बघितलं, तसं मला बी बघायचंय."

जमादारांचा चेहरा उतरला. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "म्हातारी थकलीया. धार आली न्हाई तर? हिला कळलं मी फसवलं, तर जल्मात कशावर इस्वास ठिवायची न्हाई ही." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मला हसू आलं, पण मी ते दाबलं.

त्याच सुमारास फाटकावरची एक लाल बादली नाहीशी झाली. जमादारांनी आकाशपाताळ एक केलं. प्रत्येकाला गाठून, "बादली कुनी न्हेली? बघितलीस का न्हेताना?" माळ्याची जबानी झाली, ड्रायव्हरची झाली, माझ्या टेबलाखालीसुद्धा वाकून बघितलं. बादली सापडली नाही ती नाहीच.

गडावर जायच्या दिवशी जमादार म्हणाले, "मी आदल्या गाडीनं म्होरं जातो. तुमी हिला सावकाश आना, राव." आम्ही सावकाश गेलो. कुंडाशी पोचलो तेव्हा गोमुखातून मनगटाएवढी धार धो धो कोसळत होती. बायका चकित होऊन बघत होत्या. अशी गंगा वैशाखात कुणी पाहिली नव्हती.

वहिनींनी ओटी भरली आणि त्या ओंजळभर पाणी प्यायल्या. थोड्या वेळाने जमादार खडकामागून आले. सदरा अंगाला चिकटलेला, धोतरातून पाणी निथळतंय.

"लई घाम आला," ते म्हणाले.

"व्हय, ऊन लई हाय," वहिनी म्हणाल्या, आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं.

उतरताना जमादार पुढे होते. वहिनी माझ्याशी हळूच बोलल्या. "भावजी, गडाखालच्या पोरींना ठावं असतंय सगळं. वैशाखात मी बी वतलंय त्या खळग्यात, लगीन व्हायच्या आदी."

मी थबकलो. "मग त्यांना पाठवलंत कशाला?"

"ह्यो मानूस माझ्यासाठी एक तरी गोष्ट न तपासता आनतोय का, त्ये बघायचं व्हतं." त्या हसल्या. "तपासलीच त्यांनी, मला ठावं हाय. पन माझ्या तोंडावर खोटी पाडली न्हाई. मला तेवढं बास झालं. आता तुमी काय बोलू नगा."

मी बोललो नाही. पण त्या दिवसापासून मला जमादारांचा बारीक झालेला डोळा वेगळा दिसू लागला. तो मला आवडायला लागला, हे सरळच सांगतो.

पुढे वहिनी गेल्या. त्यानंतरही दर वैशाखात जमादार काही दिवस गायब व्हायचे. कुठे जाता, विचारलं तर म्हणायचे, "गेल्यालं बघितलंस? सोत्ता?" मग नोकरी संपली, ते कुरुळीला गेले आणि तिकडेच वारले. मला कळायला महिना लागला. फाटकावर नवा माणूस आला. तो कुणालाही काहीही विचारत नाही, आणि मला त्याचाच संशय येतो.

जमादार गेल्यानंतरच्या वैशाखात मी एकटाच गड चढलो. गोमुख कोरडं होतं. म्हातारी केव्हाच गेली होती, आणि गुरवाची पोरं शहरात कामाला लागली होती. तीनचार बायका रिकामे तांबे घेऊन कुंडापाशी बसल्या होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, "दादा, हितं गंगा येती म्हनत्यात. खरं का?"

मी खडकाला वळसा घालून मागे गेलो. खळगा सुकला होता, आणि त्यात आमच्या कारखान्याची लाल बादली बसलेली होती. रंग उडालेला, कडा गंजलेली. तिचं गोल बूड त्या खळग्यात इतकं नेमकं बसलं होतं, की कितीही वारा आला तरी लवंडली नसती. ती फाटकातून बाहेर कशी गेली, हे मला आजही समजलेलं नाही. झडती घेणारे तर जमादारच होते.

बायका वाट बघत होत्या. मी बादली उचलली आणि खालच्या टाक्याकडे उतरायला लागलो.